खासगी कला-डिझाइन महाविद्यालयात फीच्या बदल्यात नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शालेय शिक्षण संपलंय, शहरातल्या एका खासगी कला आणि डिझाइन महाविद्यालयात प्रवेश मिळतोय, पण फी अंगावर येण्यासारखी आहे. घरचे म्हणतात की हे सगळं हल्ली व्हिडिओ बघून शिकता येतं. हात बेताचा आहे, चित्रं फार सुंदर येत नाहीत, तर निभेल का? आणि महाविद्यालय चांगलं की नुसतंच चकचकीत, हे बाहेरून ओळखायचं कसं?

मी ग्राफिक डिझाइनचं काम करते, बरीच वर्षं अशा महाविद्यालयांत शिकवते, ज्यूरीवर, म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तपासणाऱ्या परीक्षकांत बसते आणि नोकरीसाठी आलेले पोर्टफोलिओही, म्हणजे निवडक कामांचे संच, चाळते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून उत्तर देते.

घरच्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. सॉफ्टवेअर शिकायला महाविद्यालय लागत नाही. फोटोशॉप, फिग्मा, ब्लेंडर घरी बसून येतात आणि बहुतेक मुलं तशीच शिकतात, महाविद्यालयात असूनसुद्धा. कलेचा इतिहास, रंगांचे सिद्धांत, अक्षररचनेचे नियम हेही वाचून कळतं. जे घरी मिळत नाही ते वेगळंच आहे: काम करायला जागा आणि यंत्रं, ती यंत्रं चालवायला शिकवणारा माणूस, तुझं अर्धवट काम बघून त्यावर नेमकं बोलणारे डोळे, आणि शेजारच्या टेबलावर तोच ब्रीफ, म्हणजे दिलेलं काम, घेऊन भलतंच काहीतरी करत बसलेले सोबती. फी या गोष्टींसाठी भरायची असते. त्या नसतील तर काचेची इमारत आणि स्वागतकक्षातलं शिल्प यांना काही अर्थ नाही. महाविद्यालय निवडताना आणि निवडल्यावर तिथले दिवस घालवताना मी हीच मोजपट्टी लावायला सांगते.

हाताने काम करत शिकण्याची ही पद्धत आली कुठून ते माहीत असलेलं बरं, म्हणजे पहिल्या वर्षी वैताग कमी येतो. १९१९ साली जर्मनीतल्या वायमार इथे वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू केली. तिथे आलेल्या प्रत्येकाला आधी एक प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे. तो सुरुवातीला योहानेस इटन यांनी आखला होता. तो पार पडला की मग सुतारकाम, धातुकाम, विणकाम अशा एखाद्या कार्यशाळेत प्रवेश. सुरुवातीच्या काळात कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक हस्तकौशल्याचा. इटन १९२३ मध्ये बाउहाउस सोडून गेल्यावर लास्लो मोहोली-नाज आणि योसेफ आल्बर्स यांनी तो अभ्यासक्रम पुढे चालवला. आल्बर्स विद्यार्थ्यांना साधा कागद देत आणि काहीही वाया न घालवता, कागदाच्या अंगचे गुण ओळखून त्याचं काहीतरी करा म्हणत. बाउहाउस १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद पडलं. आल्बर्स अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये गेले, पुढे येल विद्यापीठात, आणि ही शिकवण्याची रीत जगभर पसरली. तुला पहिल्या सत्रात कागद दुमडायला लावतील, एकाच काळ्या चौकोनाच्या वीस मांडण्या करायला लावतील, तेव्हा ‘यासाठी एवढी फी भरली का?’ असं वाटेल. ते या घराण्यातून आलेलं आहे. चांगला शिक्षक असेल तर त्यातून डोळा तयार होतो. वाईट शिक्षक असेल तर फक्त वीस चौकोन होतात.

आता हाताचा प्रश्न. रेखाटन बेताचं असलं तरी चालतं, पण शाखेनुसार किती चालतं ते बदलतं. अ‍ॅनिमेशन आणि इलस्ट्रेशनला ते मुळातच हवं, तिथे सूट नाही. फॅशनमध्ये मानवी आकृती आणि कापडाचा पडाव समजायला हवा. वस्तू-डिझाइनमध्ये यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जमलं पाहिजे, कारण डोक्यातली वस्तू समोरच्याला कागदावर फिरवून दाखवावी लागते. ग्राफिक आणि इंटरफेस डिझाइनमध्ये तुझ्या खरडण्यातून कल्पना पोचली की पुरे. प्रवेशाच्या पोर्टफोलिओत मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे: छायाचित्रावरून घोटून घोटून केलेली नटनट्यांची व्यक्तिचित्रं लावतात. ती ओळखायला बघणाऱ्याला क्षणही लागत नाही. छटा गुळगुळीत असते, पण त्वचेखाली कवटी नसते, कान डोक्याला चिकटवल्यासारखा दिसतो. त्याऐवजी समोर खुर्ची ठेवून काढलेली, रेषा चुकलेली, पुन्हा काढलेली चित्रं लाव. स्केचबुकची पानं लाव. परीक्षकाला तू किती गोंडस काढतेस हे बघायचं नसतं, तू बघतेस का हे बघायचं असतं.

महाविद्यालय पारखायला प्रवेशमेळाव्याच्या दिवशी जाऊ नकोस. त्या दिवशी सगळीकडे फुलं आणि हसरे चेहरे असतात. सत्राच्या सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात, परवानगी घेऊन, संध्याकाळी जा. तेव्हा त्या जागेचं खरं रूप दिसतं.

सगळ्यात आधी वर्कशॉपमध्ये जा. यंत्रं नवी आहेत की जुनी हे दुय्यम. त्यांच्यावर धूळ आहे की लाकडाचा भुसा, ते बघ. नोंदवही मागून बघ: लेझर कटर कोण कधी वापरतंय, रांग किती आहे. मग साधा हिशोब कर. वर्गात ६० मुलं, प्रत्येकाच्या मॉडेलला ४० मिनिटं कटिंग, आणि यंत्र एक. म्हणजे यंत्र न थांबता ४० तास चाललं पाहिजे. वर्कशॉप दिवसाला आठ तास उघडं असेल तर पाच दिवस झाले, आणि बिघाड, चुकलेल्या फायली, पुन्हा कापणं हे त्यात धरलेलंच नाही. त्यात भर म्हणून सबमिशन सगळ्यांचं एकाच दिवशी. यावर महाविद्यालयाने काय उपाय केलाय ते विचार. ‘मुलं बाहेरून कापून आणतात’ असं उत्तर आलं, तर त्या बाहेरच्या खर्चाचा आकडाही विचार.

सिरॅमिक्सचं तर याहून कडक. कच्च्या भांड्याची पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला होते, स्टोनवेअरवर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या टणक भांड्यांवर, चकाकी चढवायची तर १२०० च्याही वर न्यावं लागतं. भट्टी हळूहळू तापवावी लागते आणि तितकीच हळू निवू द्यावी लागते. घाईने उघडली की भांड्यांना तडे जातात. एका भाजणीत एक-दोन दिवस सहज जातात. तिथे वेळापत्रक शिक्षक ठरवत नाही, भट्टी ठरवते. हे ज्या विभागाला कळतं तो सबमिशनच्या तारखा भट्टीच्या खेपांप्रमाणे लावतो. ज्याला कळत नाही तिथे मुलं रडत असतात.

आणि वर्कशॉप सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाशी बोल. प्राध्यापकांची नावं माहितीपत्रकात छापलेली असतात, याचं नसतं. पण तुझ्या शिक्षणाचा निदान एक चतुर्थांश भाग याच माणसाच्या हाती असतो. लेझरवर कुणी पीव्हीसी प्लास्टिकचा तुकडा ठेवायला गेलं की तो ओरडतो का ते बघ. ओरडलाच पाहिजे, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. तो फुप्फुसांना घातक असतोच, शिवाय यंत्राच्या धातूलाही गंजवतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापताना मुलांच्या तोंडावर मास्क आहेत का, धूळ ओढणारी व्यवस्था चालू आहे का, लांब केस बांधायला लावतात का. शिस्तीचा तंत्रज्ञ असलेलं जुनं वर्कशॉप मी बिनमाणसाच्या नव्या वर्कशॉपपेक्षा केव्हाही पसंत करेन.

दुसरा हिशोब शिक्षकांचा. तीन तासांचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष काम करायचा वर्ग, म्हणजे १८० मिनिटं. वर्गात एका शिक्षकामागे १५ मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ मिनिटं येतात, ४५ असतील तर चार. चार मिनिटांत तुझं काम भिंतीवर लावून होतं, एवढंच. कागदावरच्या ‘विद्यार्थी-शिक्षक प्रमाणा’त बऱ्याचदा ग्रंथपालापासून पाहुण्या व्याख्यात्यापर्यंत सगळे धरलेले असतात, म्हणून थेट विचार: दुसऱ्या वर्षाच्या मुख्य स्टुडिओत एका वेळी किती मुलं आणि किती शिक्षक?

शहरातल्या खासगी महाविद्यालयांत अर्धवेळ शिक्षक बरेच असतात. स्वतःचा स्टुडिओ चालवणारे, एजन्सीत काम करणारे. हा शहराचा खरा फायदा आहे: सकाळी ग्राहकाशी भांडून आलेला माणूस दुपारी तुला शिकवतो, त्यामुळे त्याचं बोलणं ताजं असतं. तोटा असा की तास संपला की तो निघतो आणि पुढच्या सत्रात कदाचित येतच नाही. म्हणून पूर्णवेळ माणसं किती, अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, हे विचारायला लाजू नकोस. सगळाच विभाग अर्धवेळ असेल तर तुझी वाढ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पैशाबद्दल. फी हा खर्चाचा मोठा भाग खरा, पण पूर्ण नाही. कागद, रंग, कापड, लाकूड, मॉडेलचं साहित्य, छपाई, बाइंडिंग, लॅपटॉप, अभ्याससहली, शेवटच्या प्रदर्शनाची वर्गणी. याचा आकडा महाविद्यालयाच्या प्रवेश-समुपदेशकाला विचारून उपयोग नाही, त्याचं काम जागा भरण्याचं आहे. कॅन्टीनमध्ये बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, ती अगदी हातचं न राखता सांगतात. शिष्यवृत्ती असेल तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत, आणि गुण घसरले तर काढून घेतात का, हे लेखी घे. मधेच सोडलं तर किती परत मिळतं तेही. हातात पडणार ती पदवी, पदविका की नुसतं प्रमाणपत्र, आणि त्यावर नाव कुठल्या विद्यापीठाचं, हेही बघून ठेव. नोकरीत याने फारसं अडत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या दारात मात्र अडतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: खासगी कला महाविद्यालयं बंद पडू शकतात. ही अफवा नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सची मुळं १८७६ पर्यंत जातात. २०२४ मध्ये ३१ मे रोजी तिथे बंद होण्याची बातमी आली आणि ७ जूनला दारं बंद झाली. मधे फक्त आठवडा. १८७१ साली स्थापन झालेल्या सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये शिकवणं थांबवलं. ‘द आर्ट इन्स्टिट्यूट्स’ या महाविद्यालयांच्या साखळीची उरलेली आठही केंद्रं ३० सप्टेंबर २०२३ रोजी एकाच दिवशी बंद झाली. न्यूयॉर्कची कूपर युनियन बंद पडली नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांची पूर्ण फी माफ करणाऱ्या या संस्थेला २०१४ पासून नव्या विद्यार्थ्यांकडून फी घ्यावी लागली. कारण बहुतेक ठिकाणी एकाच जातीचं: जमीन शहरातली, इमारती महाग, यंत्रं महाग, आणि उत्पन्न जवळजवळ सगळं फीवर. दोन वर्षं प्रवेश घटले की ताळेबंद कोलमडतो. तुला ताळेबंद वाचता यायची गरज नाही. तुकड्या दर वर्षी लहान होतायत का, दोन विभाग घाईघाईने एक केलेत का, जुने शिक्षक एकदम गेलेत का, एवढं बघ. आणि महाविद्यालय बंद पडलं तर विद्यार्थ्यांना दुसरीकडे सामावून घ्यायची काही तरतूद आहे का, हे सरळ विचार. प्रश्न उद्धट वाटेल. विचार तरी.

समजा प्रवेश घेतलास. आता ज्यूरी आणि क्रिटबद्दल, कारण फीचा सगळ्यात मोठा मोबदला इथे मिळतो आणि बहुतेक मुलं तो घ्यायचं विसरतात. क्रिट म्हणजे काम भिंतीवर लावायचं, सगळ्यांनी समोर उभं राहायचं आणि बोलायचं. विद्यार्थी नेहमी काय करतात? काम लावतात आणि लगेच समजावायला लागतात: ‘माझी संकल्पना अशी होती की...’ एकदा ते सांगितलं की बघणाऱ्यांचे डोळे संपले. मग ते तुझं भाषण तपासतात, काम तपासत नाहीत. त्याऐवजी पहिली दोन मिनिटं गप्प राहा. त्यांना काय दिसतंय ते त्यांच्या तोंडून येऊ दे. तू प्रवासाचं पोस्टर केलंयस आणि तिघांना ती औषधाची जाहिरात वाटली, तर तुला जे शिकायचं होतं ते त्या क्षणीच मिळालं. पुढचं स्पष्टीकरण ऐच्छिक.

मैत्रिणीला सांगून ठेव की माझ्या क्रिटमध्ये तू लिहून घे, तुझ्यात मी घेईन. उभं राहून ऐकताना छातीत धडधडत असतं, अर्धं डोक्यात शिरत नाही आणि रात्री फक्त बोचलेलं वाक्य आठवतं. वही असली की दिसतं, बोचलेलं वाक्य एक होतं आणि कामाच्या सूचना सहा होत्या. कुणी ‘आवडलं नाही’ एवढंच म्हटलं तर विचार: नजर कुठे अडली? काय आधी वाचलंत? कुठे कंटाळा आला? आवड-नावड प्रत्येकाची वेगळी, पण नजर अडल्याची जागा बऱ्याचदा तिघांचीही एकच निघते. तिथे दुरुस्ती करायची.

अर्धवट काम लावायला शिक. मुलं काम ‘पूर्ण’ होईपर्यंत लपवतात आणि पूर्ण झाल्यावर दाखवतात, तेव्हा बदलायला ना वेळ उरतो ना मन. दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलीच्या पाच खरडी लावणाऱ्या मुलीला जेवढं मिळतं तेवढं शेवटच्या दिवशी चकचकीत छपाई आणणाऱ्याला मिळत नाही.

आणि हो, ज्यूरीत अपमान करणारे लोक असतात. मॉडेल फेकणारे, ‘तुझ्याच्याने होणार नाही’ म्हणणारे. आमच्या क्षेत्रात याला ‘कडक गुरू’ म्हणून मिरवण्याची खोड आहे. मला ती मान्य नाही. कामावर कितीही कठोर बोललेलं चालतं: रचना कोसळलीय, रंग मळकट आहे, कल्पना उसनी आहे. बोलणं कामावरून तुझ्यावर, तुझ्या घरावर, उच्चारावर, कपड्यांवर घसरलं की त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही. ते विभागप्रमुखाला लेखी कळवायचं.

छपाईबद्दल थोडंच. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी छापल्यावर फिका येणार, कारण पडदा प्रकाश मिसळतो आणि कागदावर शाई. त्यामुळे एक तुकडा आधी छापून बघ. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा रंगीत पट्टी, सोड. आणि शेवटच्या रात्री छापायला जाऊ नकोस. तुझा सगळा वर्ग त्याच रात्री तिथे असतो. महाविद्यालयाबाहेरच्या छापखान्यात गर्दी नसताना जा, यंत्र चालवणाऱ्याला कागदाचे नमुने दाखवायला सांग. शहरात शिकण्याचा फायदा संग्रहालयांपेक्षा मला इथे जास्त दिसतो: छापणारे, ओतकाम करणारे, कापड रंगवणारे सगळे हाताच्या अंतरावर असतात.

जागरणाचं कौतुक या क्षेत्रात फार. एखाद-दुसरी रात्र सगळेच काढतात, पण झोपेत कटर चालवणारी मुलं बोटं कापून घेतात, हे मी पाहिलंय. मॉडेल, कोलाज, कपडा काहीही झालं की त्याच दिवशी, खिडकीच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर फोटो काढून ठेव. मॉडेल मोडतं, ओलावा लागतो, कुणीतरी वर बसतं. पोर्टफोलिओ करायच्या वेळी चार वर्षांपूर्वीचं काम पुन्हा उभं करता येत नाही.

तो पोर्टफोलिओ मी नोकरीसाठी बघते तेव्हा काय शोधते, तेही सांगते. पंधरा गुळगुळीत लोगो बघून मला काहीच कळत नाही. एका प्रकल्पात प्रश्न काय होता, पहिले प्रयत्न कसे फसले, कुणाला दाखवून काय बदललं, शेवटी काय सोडून दिलं हे दिसलं की कळतं. गटातलं काम असेल तर तुझा वाटा कोणता ते स्पष्ट लिही. ‘आम्ही’ वाचून काहीच समजत नाही. चित्रं बनवणारी एआय साधनं वापरलीस तर तेही लिही. त्यावर माझी हरकत नाही, पण ‘हेच का निवडलं?’ या प्रश्नाला यंत्र उत्तर देणार नाही, तुलाच द्यावं लागेल. महाविद्यालयाचे याबाबत नियम काय ते आधीच विचारून घे, एकाच इमारतीत दोन शिक्षकांचे दोन नियम असतात. तसंच तुझ्या कामाचे हक्क कुणाकडे राहतात ते प्रवेशअर्जाच्या बारीक अक्षरांत असतं, ते वाच.

शेवटी निर्णयाचं. फी भरण्यासाठी पदवीनंतर कित्येक वर्षं पगाराचा मोठा हिस्सा कर्जात जाणार असेल, तर मी थांबायला सांगेन. डिझाइनमधल्या पहिल्या नोकऱ्यांचे पगार फार मोठे नसतात, आणि कर्जाच्या धाकाने हाती येईल ते काम पत्करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. सरकारी कला महाविद्यालयाचा अर्ज समांतर भर. तिथे यंत्रं कमी असतील, पण वरच्या दोन्ही हिशोबांत कधी कधी तेच पुढे निघतं. किंवा एक वर्ष घे: रोज समोरचं बघून रेखाटन, एखाद्या छापखान्यात किंवा स्टुडिओत हाताखाली काम, संध्याकाळचा एखादा वर्ग. काही महाविद्यालयं मिळालेला प्रवेश वर्षभर राखून ठेवतात. तसं करणार असशील तर जागा, शिष्यवृत्ती आणि फीचा दर हे तिन्ही राखले जाणार का, ते ईमेलवर लिहून घे. फोनवरच्या होकारावर विसंबू नकोस.